ढालगाडीची किल्ली फत्ते झाली ते वर्तमान

श्री.

सकळ वाचक-श्रोते, घरोघरचे वडीलधारे आणि त्यांची धाकधूक वाहणारी लेकरेबाळे यांचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे: राजमान्य राजश्री अण्णासाहेब, निवृत्त सरतपासनीस, लिफ्ट-तपासणी खाते, यांचे हातून ढालगाडीची किल्ली कशी निघाली, यावर आप्तमंडळींत अद्यापि वाद आहे. जो तो आपापलाच पराक्रम सांगतो आणि ऐकणारा माना डोलावतो. सबब घडले तसे वर्तमान, पदरचे फारसे न घालता, लिहिले आहे. ते स्वस्थचित्ते ऐकावे.

प्रथम गाडीची वंशावळ. दूर एका थंड मुलखी, जेथे बर्फामुळे रस्ता कोणता आणि खड्डा कोणता हे पडल्यावरच कळते, तेथे दोघे भाऊ, थोरला लोहार आणि धाकटा सुतार, यांनी मिळून गाडी बांधिली, आणि पहिल्या फेरीस थोरल्याच्या सासूबाईंस मानाने आत बसविले, आणि पहिल्याच वळणावर गाडी सासूबाईंसकट खड्ड्यात गेली. दोघे ऊर फुटेतो धावले, तो सासूबाई आत शाबूत, केसाला धक्का नाही, आणि जे बोलणे वर रस्त्यावर सुरू होते तेच खाली पुढे चालू. थोरला खिन्न झाला असे दुष्ट लोक सांगतात, त्यास प्रमाण नाही. धाकट्याने मात्र ताडिले की आपला नशिबाचा माल हाच. मग त्यांनी बोनेटवर ढालीचे चिन्ह ठोकिले आणि कारखाना थाटला. इतर कारखानदार गाडी पळते कशी हे दाखवीत, हे गाडी आपटते कशी हे दाखवीत. लाकडी पुतळे आत बसवून भिंतीवर आपटीत, कड्यावरून लोटीत, आणि पुतळे धड निघाले की मेजवानी झोडीत. गाडीचे रूप म्हणाल तर कपाटास चाके लाविली ऐसे, परंतु आत बसलेला माणूस चालत घरी जातो, ही कीर्ती सातासमुद्रांपार गेली.

ती कीर्ती अण्णासाहेबांचे कानी पडली आणि ते गाडीवर लुब्ध जाहले. कारण त्यांचा पिंडच तैसा. लोक लिफ्टमध्ये शिरून आरशात भांग पाडीत, अण्णासाहेब शिरून दोरखंडाच्या आवाजाकडे कान लावीत. दोष दिसला की सील. मग इमारतीचा मालक हात जोडो की डोळे वटारो, सील ते सील. अशा पुरुषाने ढालगाडी घेतली आणि जिवापाड जपली. घरी पाहुणा आला की त्यास चहाआधी खाली नेऊन गाडीचे दार ऐकवीत. दार मिटले की 'धप्प' ऐसा गंभीर नाद उठे, आणि पाहुण्याने 'वा' म्हणेपर्यंत ते पुन्हा मिटीत. सुटा भाग मागविला तर तो गलबताने येई, तोवर अण्णा पायी हिंडत, पण दुसरा भाग बसवू देत नसत. गाडीत बसणाऱ्यास पट्टा लावल्यावाचून किल्ली फिरत नसे, बाजाराच्या पिशवीसही पट्टा होता. जावईबापू पहिल्या भेटीस आले तेव्हा त्यांनी न सांगता स्वतः पट्टा लाविला, इतक्यावरच अण्णांनी सोयरीक पक्की केली, मुलाची नोकरी मागाहून विचारली.

गाडी बोलकीही होती. पुढच्या वाहनाजवळ गेले की टणत्कार करी, पांढरी रेघ ओलांडली की चाक थरथरवी, आणि फार झाले म्हणजे पडद्यावर कपाचे चित्र काढून 'आता विश्रांती घ्यावी' ऐसे फर्मान सोडी. पूर्वी ती महिन्याकाठी कधी बोले. अलीकडे मात्र फाटकातून निघाली की जी लागे, ती परत येईतो थांबेना. त्यात तळमजल्यावरील पार्किंगच्या खांबाचा पिवळा रंग गाडीच्या कुशीस लागलेला दिसू लागला. शेजाऱ्यांनी पृच्छा करिता अण्णासाहेब बोलिले की ठेकेदाराने खांबच तिरका घातला आहे. तो खांब इमारत बांधली तेव्हापासून तेथेच, तैसाच उभा होता.

हे पाहून अण्णासाहेबांची कन्या ताईसाहेब, पेशाने दंतवैद्य, यांचे काळजात चर्र झाले. त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात खलबत भरविले आणि ठरविले की अण्णांचे हातून किल्ली काढावी, न दुखविता जमल्यास उत्तम.

पहिले वकील जावईबापू रवाना झाले. हे शाळेत कवायत शिकवीत, सबब आवाज दमदार. ते छाती पुढे काढून गेले, आणि संध्याकाळी परतले ते, आपल्याच गाडीचे टायर झिजले असून तातडीने बदलावेत ऐसा सासऱ्यांचा हुकूम घेऊन. किल्लीचा विषय निघाला का, हे विचारिता ते म्हणाले की निघणार होता.

मग ताईसाहेबांनी गनिमी कावा केला. माहेरी जाऊन किल्ली उचलली आणि पिठाच्या डब्यात पुरली. अण्णांनी कपाटातून दुसरी किल्ली काढिली आणि भाजी आणावयास निघून गेले. पुढे पोळ्यांचे पीठ काढताना पहिली सापडली, ती धुऊनपुसून जागेवर टांगली, आणि लेकीस अवाक्षर बोलले नाहीत. त्या न बोलण्याने ताईसाहेब अधिक खजील झाल्या.

अखेर त्या समोरासमोर भिडल्या. म्हणाल्या, अण्णा, तुम्हाला दिसत नाही नीट, कबूल करा. त्यावर अण्णासाहेबांनी जाहीर केले की दोष माणसात आहे म्हणायला यंत्र आधी निर्दोष ठरावे लागते, ती तपासणी करणारी तू कोण. आणि ज्या दिवशी माझ्या हातून कोणास ओरखडा येईल त्या दिवशी ये. ताईसाहेब बोलल्या की त्या दिवशी येऊन काय करू. तेथून बापलेकीत अबोला पडला.

या सर्व रणधुमाळीत माईसाहेब, म्हणजे अण्णांच्या पत्नी, कोणाच्याच फौजेत नव्हत्या. जन्माच्या मितभाषी. लग्नाआधी वडिलांच्या बेकरीची व्हॅन चालवून गावभर पाव पोचवीत, ऐसी एक जुनी वदंता होती. अण्णांनी ती लग्नात ऐकिली आणि लग्नातच विसरले. परवाना मात्र माईसाहेब दर खेपेस नवा करून घेत. का, ते कोणी विचारले नाही. परंतु अलीकडे एक नवल जाहले. अण्णांशेजारी गाडीत बसल्या की माईसाहेबांच्या तोंडास खळ पडेना. केवढा लालभडक सिग्नल हा, म्हणत. तो डावीकडचा सायकलवाला, सदरा किती मळलाय त्याचा, म्हणत. पुढच्या ट्रकवर काय लिहिलंय, अगदी इथून वाचता येतंय, म्हणत. अण्णा ब्रेक दाबीत आणि मनात म्हणत की म्हातारपणी बायको बडबडी झाली. पूर्वी, अबोला नव्हता तेव्हा, त्यांनी लेकीकडेही ही तक्रार गुदरली होती.

आणि मग तो प्रसंग गुदरला. ऐन दुपारी दोघे घरी येत होते, उन्हाचा तडाखा होता, माईसाहेबांस तहान लागली म्हणून त्या मान खाली घालून संत्रे सोलू लागल्या. बोलणे थांबले. इतक्यात गाडीने आपल्या अखत्यारीत ब्रेक लाविला. पट्टे आवळले, चाके किंचाळली, आणि संत्रे हातातून सुटून आसनाखाली गेले. मग अण्णांनी समोर पाहिले, त्यांस मोकळा रस्ता आणि ऊन दिसले. ते संतापले की गाडी विनाकारण थांबली, आजवर कधी ऐसे झाले नाही, दोष निघाला. माईसाहेबांनी संत्रे आसनाखालीच राहू दिले. घर येईतो रस्त्यावरची नजर काढिली नाही.

दुसरे दिवशी अण्णासाहेब स्वतः फिर्यादी होऊन ढालगाडीच्या सर्व्हिस सेंटरात दाखल झाले, साक्षीस माईसाहेब. तेथील मुख्य बाई, निळा कोट घातलेल्या, मोठ्या अदबीच्या. त्यांनी गाडी उचलून घेतली, खालून वरून पाहिली, संगणकाची नळी लावून तिची जबानी घेतली, आणि पुन्हा एकदा घेतली, कारण फिर्यादी वयोवृद्ध होते आणि त्यांचा विश्वास मोठा होता. मग येऊन म्हणाल्या, "काका, गाडी अगदी बरोबर आहे. समोर काहीतरी होतं, म्हणून थांबली."

अण्णासाहेब हसले. आयुष्यभर त्यांनी मालकांच्या तोंडून 'लिफ्ट अगदी बरोबर आहे' हेच ऐकिले होते. ते माईसाहेबांकडे वळले आणि म्हणाले, "सांग यांना. कोणी होतं का समोर?"

माईसाहेबांनी पदराचे टोक बोटास गुंडाळले, सोडविले, आणि म्हणाल्या, "होती. छत्री घेतलेली बाई होती. काळी छत्री. आपल्या बोनेटला हात टेकून उभी राहिली, मग गेली."

"मला का नाही सांगितलंस?"

"मी संत्रं सोलत होते. मान वर केली तोवर गाडी थांबली होती." मग हळूच म्हणाल्या, "अहो, दोन वर्षं मी गाडीत बोलत नव्हते. बघत होते."

निळ्या कोटाच्या बाईंस एकाएकी दुसऱ्या टेबलावर काम निघाले आणि त्या तिकडे गेल्या. अण्णासाहेब खुर्चीत बसले. काचेपलीकडे गाडी उचलणीवरून हळूहळू खाली येत होती, ती ते पाहत राहिले. किती पाहिली आणि किती आठवली, हे कळावयास मार्ग नाही. लाल सिग्नल, मळका सदरा, ट्रकवरची अक्षरे, एकेक त्यांस नव्याने ऐकू येऊ लागले असावे, कारण मधूनच ते मान हलवीत. ती छत्रीवाली बाई कोण, कोणाची आई, कोणाची बहीण, हे त्यांनी पुटपुटत एकदा विचारले. माईसाहेबांस ठाऊक नव्हते. बऱ्याच वेळाने ते उठले, निळ्या कोटाच्या बाईंकडे जाऊन विचारते झाले की यंत्रात दोष नाही, ही तुमची खात्री ना. बाई म्हणाल्या की पूर्ण खात्री. तेव्हा त्यांनी खिशातून किल्ली काढिली आणि माईसाहेबांपुढे धरिली.

"घरापर्यंत?" माईसाहेबांनी विचारले.

"नाही. ठेवच तू."

पुढील प्रवासाचे वर्णन करण्यास लेखणी थिटी आहे. माईसाहेबांनी आसन पुढे ओढिले, आरसे आपल्या नजरेस लाविले, आणि बेकरीच्या पोरीने पहाटेचे पाव थंड होण्याआधी पोचवावेत तैशा बेताने गाडी रहदारीत घातली. अण्णांनी दोनदा पायाने नसलेला ब्रेक दाबिला. गाडीने अवघ्या वाटेत हूं की चूं केले नाही. घरापाशी पिवळा खांब आला, तो वीतभर अंतरावरून सुखरूप मागे गेला. अण्णा एवढेच म्हणाले की खांब सरळच आहे वाटतं. माईसाहेब म्हणाल्या, हं.

मागाहून डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहून सांगितले की पडद्याची मधोमध झीज झाली आहे, औषधाने आहे ते टिकेल, गेलेले येणार नाही. ताईसाहेब ऐकताच धावून आल्या, विजयी मुद्रेने यावयाचे ठरवून निघाल्या होत्या, पण दारातच रडू कोसळले, आणि अण्णांनी त्यांस पाणी देऊन समजाविले की दात नीट असले म्हणजे पुरे, डोळे तुझ्या खात्यात नाहीत. अबोला तेथे संपला.

यास काही काळ लोटला. एके सकाळी ताईसाहेबांचा दूरध्वनी आला की आई फोन उचलत नाही, कुठे आहे. अण्णासाहेब गॅलरीत कठड्यास टेकून उभे होते.

"गाडी घेऊन गेलीय," ते म्हणाले. "गाडी चालवताना फोन उचलायचा नसतो, एवढं तुला कळायला हवं."

"एकटी? कुठं गेली?"

"तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही."

ताईसाहेबांनी त्या स्वरात तक्रार धुंडाळिली, ती सापडली नाही. उलट किंचित ऐट सापडली, जैसी पाहुण्यास दार ऐकविताना असे.

येणेप्रमाणे ढालगाडीची किल्ली फत्ते जाहली. माणूस जाया झाला नाही, छत्री शाबूत, खांब शाबूत, एक संत्रे मात्र कामी आले. ताईसाहेब हा फत्तेचा मान आपल्या मसलतीस देतात, जावईबापू आपल्या वकिलीस देतात, आणि अण्णासाहेब गाडीच्या ब्रेकास देतात. माईसाहेबांची जबानी घ्यावी म्हणून लेखक दारी बसून आहे. दुपार कलली. गाडी अद्यापि परतली नाही.