नागव्वाची हळद

पाळणाघरात एक मूल पडलं की नागव्वा अठराच्या अठरा मुलांच्या कपाळाला हळद फासायची.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापूरच्या आमच्या गिरणीत बाया कामावर असताना त्यांची लेकरं नागव्वा सांभाळायची. मी गिरणीत कारकून, बायको सुताच्या खात्यात आणि दोन वर्षांचा बाळू पाळणाघरात. संध्याकाळी भोंगा झाला की आया धावत यायच्या, तर दारात लग्नघरासारखी पिवळी पोरं बसलेली.

"मावशी, पडलंय कोण?"

"समदी बरी हायती की."

"मग हळद कशाला?"

"हळद वाईट असती व्हय?"

आणखी खोदून विचारलं की नागव्वा कन्नडमध्ये शिरायची. मग बाया कलिंगडं चाचपावीत तशी डोकी चाचपत बसायच्या. आपलं पोर धड निघालं की दुसरीच्या पोराकडे वळायच्या.

मी एकदा कारण विचारलं. ती म्हणाली, "एकालाच लावली तर एकच आई रडत घरी जाती. समद्यांना लावली की मिळून मला शिव्या देत्यात आन् हसत जात्यात."

एकदा नवे डॉक्टर तपासणीला आले आणि अठरा पिवळी पोरं बघून त्यांनी कावीळ ठरवली. बातमी खात्यात पोचली, बाया कामं टाकून धावल्या. नागव्वानं ओलं फडकं घेतलं आणि डॉक्टरांसमोर एकेक कपाळ पुसलं. "ह्ये बरं झालं. ह्ये बी बरं झालं."

पुढची गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही.

एका सकाळी सिनेमाचं पोस्टर बघायच्या नादात माझी सायकल कलंडली आणि बाळूचं डोकं दगडावर आपटलं. मी त्याची टोपी खाली ओढली, त्याला नागव्वाच्या हातात दिलं आणि निघून आलो. संध्याकाळी बायकोच्या हाताला हळदीखाली लिंबाएवढं टेंगूळ लागलं. तिनं मॅनेजरकडे तक्रार केली. माझं अक्षर चांगलं, म्हणून अर्ज मीच लिहिला. 'दाईच्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द माझे.

मॅनेजरनं विचारलं तेव्हा नागव्वा कन्नडमध्येही काही बोलली नाही. तिची बदली रद्दी कापसाच्या गोदामात झाली.

आठवड्यानं मी तिथे गेलो. केसांत कापूस घेऊन ती एकटीच बसली होती. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "टेंगूळ सकाळीच बघितलं हुतं मी, बाबू."

"मग साहेबांना सांगितलं का नाहीस?"

"तुमी सांगाल वाटलं की."

मी जायला वळलो.

"नव्या बाईला एवढं सांगा," ती म्हणाली, "बाळूला कुशीवर निजवत जा म्हणावं. उताणा झोपला की दचकतोय त्यो."

मी तसाच पाळणाघरात गेलो आणि नव्या बाईला तेवढं सांगितलं. तेवढंच सांगितलं.