डेल्फीनची पाटी

"मागं बघ, टाउनो! अरे, मागं बघ!"

बाबांचा तो आवाज पन्नास वर्षं झाली तरी कानातून गेलेला नाही. आमचं बर्फ उडवणारं यंत्र ट्रॅक्टरच्या पाठीला जोडलेलं असतं. त्यामुळे ट्रॅक्टर उलटा हाकायचा आणि मान वळवून मागं बघत राहायचं. माझी मान आता कायमचीच उजवीकडे कललेली आहे. चर्चमध्ये पाद्रीबाबांना वाटतं, मी शेजारच्या बाकावरच्या बायकांकडे बघतो! पण सांगतो, या सुपीरियर सरोवराच्या काठावर माझ्याइतकं नेटकं मागं बघणारा दुसरा माणूस दाखवा. दाखवाच!

रस्त्यापलीकडे डेल्फीन राहते. तिचा नवरा मार्सेल गेल्यापासून पाच हिवाळे झाले, बर्फ पडलं की मी आधी तिची वाट साफ करतो, मग माझी. ती टपालपेटीवर टॉवेलात गुंडाळलेला वेलदोड्याचा गरम पाव ठेवते. बोलणं एवढंच, "गारठा आहे." "आहे खरा." रस्त्याकडून तिच्या घराकडे उलटं जायचं, म्हणजे मागं बघायचं, म्हणजे तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडेच बघायचं. यात माझा काय दोष? यंत्राची रचनाच तशी आहे.

जानेवारीत तिच्या अंगणात पाटी उभी राहिली : घर विकणे आहे. लेक ॲरिझोनात बोलावत होती. तिकडे म्हणे जानेवारीत झाडाला संत्री लागतात. मी रोज ठरवायचो, आज बोलायचं. आणि रोज म्हणायचो, "गारठा आहे."

मग बुधवारी सकाळी तिचा फोन आला. आदल्या दिवसापासून कमरेएवढं बर्फ पडलं होतं.

"टाउनो, दहा वाजता दलाल गिऱ्हाईक घेऊन येतोय. शिकागोचं जोडपं आहे. वाट आरशासारखी हवी."

"होईल."

"आणखी काही म्हणायचंय?"

"नाही. म्हणजे... गारठा आहे."

तिनं फोन ठेवला. आपटला म्हणा ना!

मी मनाशी म्हटलं, जायचीच आहे तर तिची शेवटची वाट अशी काढू की शिकागोवाल्यांनी बूट काढून चालावं. वाटेच्या दोन्ही कडांना शरद ऋतूतच काठ्या रोवून ठेवतो आम्ही, नारिंगी फीत बांधून. बर्फात सगळं बुडालं तरी काठीच्या आत राहिलं की चूक होत नाही. मी काठ्यांच्या आत शिरलो. जात्यातून पीठ झरावं तसं बर्फ यंत्राच्या सोंडेतून उडत होतं. खिडकीतला पडदा सरकला. निळा स्वेटर दिसला. आणि—

कडाड्!

वाऱ्यानं रचलेल्या ढिगात पाटी गळ्यापर्यंत बुडालेली होती आणि मी ती खाल्ली होती! सोंडेतून 'विकणे' बाहेर पडलं, पाठोपाठ 'घर'. मी दचकून सोंडेची कळ ओढली, तशी सोंड गर्रकन फिरली रस्त्याकडे. नेमका तेव्हाच दलाल गॅरिटी गाडीची काच खाली करून हसत हसत हात हलवत होता. पुढच्या पाच सेकंदांत गाडीचा डोंगर झाला. मग पाटीचा लोखंडी पाय पात्यात अडकला, बोल्ट तुटला आणि पाती थांबली. हा बोल्ट मुद्दामच नाजूक असतो. तो तुटतो म्हणून यंत्र वाचतं. माणसात देवानं असा बोल्ट का बसवला नाही कोण जाणे!

"हा काय वेडेपणा आहे?" तोंडातलं बर्फ थुंकत गॅरिटी ओरडला.

मागच्या सीटवरच्या शिकागोच्या बाईंनी भुवया झाडल्या. "इथं... असं नेहमीच पडतं?"

"छे हो," पायरीवरून डेल्फीन गोड आवाजात म्हणाली, "मे महिन्यात थांबतं."

गाडी गेली ती गेलीच.

बोल्ट आणायला मी लायलच्या दुकानात गेलो, तर बातमी माझ्याआधी पोचलेली! "वा रे पठ्ठ्या!" लायलनं पाठीत धपाटा घातला. "पाटीच गिळलीस? गाडी उलटवलीस म्हणे!"

"अरे, चुकून झालं!"

"हो हो, चुकूनच!" सगळं दुकान हसलं. कुणीतरी लग्नाची तारीखही विचारली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती काय म्हणेल? हा म्हातारा मला अडवायला बघतो? मी घरी आलो, बोल्ट बसवला आणि जिद्दीनं देवदाराच्या फळीची नवी पाटी केली. सुबक अक्षरं, वार्निशचे दोन हात. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टरवर घालून नेली.

"हे काय?" डेल्फीन दारात आली.

"नवी पाटी!" इंजिनाच्या वर आवाज चढवून मी ओरडलो. "जुनीपेक्षा मजबूत आहे. दहा वर्षं टिकेल!"

तिनं पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पायरीवर मटकन बसली. हसत होती की रडत, कळेना.

"टाउनो, तुझी काठी कुठं होती काल?"

"पाटीच्या पलीकडे. त्याचंच तर नवल वाटतंय. मी स्वतः रोवली होती, आणि पाटी उभी राहिली ती तिच्या पलीकडे."

"मी हलवली ती. काल पहाटे, झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून! जमिनीत जाईना, म्हणून नुसती बर्फात खोचली. तू काठ्या बघतोस आणि माझी खिडकी बघतोस. पाटी काही तुला दिसणार नाही, ठाऊक होतं मला." तिनं स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसले. "आणि तू दुसरी घेऊन आलास? दहा वर्षं टिकणारी? पाच हिवाळे मागं बघत बघत येतोस माझ्याकडे. एकदा तरी पुढं बघून काहीतरी बोल!"

मी बोललो.

"काय? आधी ते धूड बंद कर! काही ऐकू येत नाही."

मी किल्ली फिरवली. सगळं कसं गप्प झालं. पण माझ्या कानात इंजिन अजून घुमतच होतं, म्हणून मी पुन्हा म्हणालो ते पार लायलच्या दुकानापर्यंत गेलं म्हणतात :

"जाऊ नकोस, डेल्फीन!"