मागच्या खोलीत कोण हाय?

दत्तूभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी चप्पल काढत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहतात, मान लांब करून घराच्या पार आतवर पाहतात आणि विचारतात, "मागच्या खोलीत कोण हाय?" याचं उत्तर मिळाल्याशिवाय पाऊल आत पडत नाही. आमच्या गल्लीत नवा आलेला एक जावई त्यांना गमतीनं म्हणाला, "कोणीच नाही." नेमके तेवढ्यात आतून त्याचे सासरे खोकले. दत्तूभाऊंनी त्या जावयाला असं काही झापलं, की बिचारा पुढच्या दिवाळसणाला यायलाच तयार नव्हता.

आमच्या घरी उत्तर ठरलेलं होतं. मागच्या खोलीतून आई ओरडायची, "मी हाय! मेली नाही अजून!"

"बस, झालं काम," म्हणून दत्तूभाऊ चपला काढायचे आणि खुर्चीत टेकता टेकता हुकूम सोडायचे, "मंग टाका चहा."

दत्तूभाऊ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. यवतमाळात आमच्या घराला लागून त्यांचं घर. लग्न केलं नाही. घरात एक माणूस आणि दरवाजे चार, कारण मधल्या दोन भिंती फोडून त्यांनी जास्तीचे दरवाजे काढून घेतले होते. गवंडी म्हणाला, "भाऊ, येवढे दरवाजे कायले?" तर म्हणाले, "तू आत राह्यला असतास तं इचारलं नसतंस."

पण त्यांचा खरा ध्यास एकच. आयोग. राज्याला आपत्तीसाठी एक वेगळा आयोग पाहिजे, ही गोष्ट त्यांनी कोण जाणे किती वर्षांपासून धरून ठेवली होती. पूर आला, आग लागली, वीज पडली, की दहा खाती दहा दिशांना धावतात आणि शेवटी पंचनामा करतात. कोणीतरी एकानं आधीपासून तयारीत बसायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मंत्र्यांपासून तलाठ्यापर्यंत त्यांनी सगळ्यांना हे ऐकवलं होतं. गल्लीत दूध उतू गेलं तरी म्हणायचे, "आयोग असता तं हे झालं नसतं." त्यामुळे लोक त्यांनाच 'आयोग' म्हणत. पानठेल्यावर ते दिसले की कोणीतरी हमखास म्हणे, "सरका रे, आयोग आला." ते खुशीत हसायचे.

"आयोगाचं पहिलं कलम माह्याजवळ तयार हाय," असं ते मला नेहमी सांगत.

"काय आहे ते?"

"ते तुले नाही सांगत. ते आयोगालेच सांगीन, तोंडावर."

गल्लीत प्रत्येक दारापुढे त्यांनी स्वतःच्या पैशानं वाळूची बादली ठेवली. आठ दिवसांत सगळ्या बादल्यांमध्ये लोक खर्रा खाऊन थुंकायला लागले. दुसरा कोणी असता तर भांडला असता. हे दर रविवारी वाळू बदलत आणि म्हणत, "थुंकाले का होईना, बादली कुठं हाय ते तं लोकाईच्या ध्यानात राह्यते न!" मला या माणसाचं आधी हसू आलं आणि लगेच भीतीयुक्त आदर वाटला. एवढी चिकाटी मी देवळातसुद्धा पाहिलेली नाही.

ती कापसाचे भाव पडलेली वर्षं होती. आज ना उद्या भाव चढेल म्हणून लोकांनी कापूस विकला नव्हता, घरातच भरून ठेवला होता. मागच्या खोल्या आढ्यापर्यंत पांढऱ्या. माणसं अंग खाजवत ओसरीत झोपायची आणि म्हाताऱ्यांची बाज मात्र आत, कापसाच्या राखणीला. हा कापूस पेटला तर, या धास्तीनं दत्तूभाऊ एसटीनं खेड्याखेड्यात हिंडायचे. मी एकदा सोबत गेलो होतो. एका दारात यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"कोणी नाही, कापूस हाय," घरधनी म्हणाला.

"अन् कापसावर?"

घरधनी म्हणाला, "बुढा हाय."

"मंग असं सांग न बावा. पहिले बुढा, मंग कापूस." आणि बुढ्याची बाज दारापाशी आणून ठेवल्याशिवाय त्यांनी त्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. परक्याच्या घरात शिरून फर्मान सोडणारा हा माणूस मार कसा खात नाही, याचं मला नवल वाटायचं. उलट घरधनीच बाजेचा दुसरा खूर उचलायचा.

आणि एके दिवशी खरंच बातमी आली. असा आयोग करावा की नाही, हे ठरवायला सरकारनं समिती नेमली होती आणि समिती लोकांचं म्हणणं ऐकायला यवतमाळात येणार होती. दत्तूभाऊंनी बातमी दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि आमच्या दारात उभे राहून पहिल्यांदाच काही न विचारता नुसते हसले. आयुष्यभर बोलायचं म्हणून ठेवलेलं बोलायची वेळ आली होती.

सभा एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीच्या लग्नाचे पडदे मंचामागे तसेच लटकत होते. दत्तूभाऊ परीटघडीचे कपडे घालून, ऑटोतून वाळूची बादली घेऊन आले. दारावरच्या शिपायानं कपाळाला हात लावला. बादली मंचाशेजारी ठेवून ते माझ्याजवळ बसले आणि पुटपुटले, "स्वयंपाकघराच्या मागच्या दाराले कुलूप हाय. भांडे चोरीले जातात म्हणे."

सभा सुरू झाली. एका शेतकऱ्यानं उठून विचारलं, "साहेब, भाव पडला तं त्याले तुम्ही आपत्ती धरता का नाही?" साहेब म्हणाले, "विषयाला धरून बोला." शेतकरी म्हणाला, "मी विषयातच तं राह्यतो," आणि खाली बसला. सभागृह बराच वेळ हसत राहिलं, साहेब कागद चाळत राहिले.

मग दत्तूभाऊंचं नाव पुकारलं. ते माइकसमोर गेले. "साहेब, माझं एकच कलम हाय," ते म्हणाले आणि त्यांच्यामागे फट्कन आवाज झाला. पडद्यामागच्या वायरीनं पेट घेतला होता. पडदा धुरानं काळा झाला.

जे झालं ते सांगायला नको. आपत्तीची समिती सगळ्यांच्या आधी दाराबाहेर होती. मागोमाग आम्ही. आवारात सगळे एकमेकांना चाचपून पाहत होते. "सगळे निघाले, सगळे निघाले," असं कोणीतरी मोठ्यानं सांगत होतं. मी दत्तूभाऊंना शोधलं. ते कुठंच नव्हते.

दारातून पाहिलं, तर धुरात ते आत उभे. बादलीतली वाळू पडद्यावर फेकून झाली होती आणि तोंडाला खांद्यावरचा दुपट्टा बांधून ते पुढच्या दाराकडे नाही, उलट स्वयंपाकघराकडे चालले होते. त्यांची हाक बाहेरपर्यंत ऐकू आली.

"मागच्या खोलीत कोण हाय?"

शिपायानं मेन स्विच पाडला, दोघातिघांनी पाण्याच्या बादल्या नेल्या. थोड्या वेळानं धुरातून दत्तूभाऊ आले. त्यांनी एका म्हाताऱ्या बाईचा हात धरला होता. ती कपबशा विसळायला आलेली. तिच्या दुसऱ्या हातात चहाची किटली तशीच होती. खोकता खोकता ती म्हणाली, "साहेबाईले चहा द्याचा हाय न? मले सांगतलं होतं, बलावल्याबिगर पुढं येजो नको."

हे ऐकलं आणि दत्तूभाऊ पायरीवर मटकन बसले. आगीत न घाबरलेला माणूस आता लहान लेकरासारखा रडत होता.

समितीच्या गाड्या सुटल्या. "तुमचं म्हणणं लेखी पाठवा," असं काचेतून कोणीतरी म्हणालं. दत्तूभाऊंनी तिकडे पाहिलंही नाही. बाईनं किटलीतला चहा आम्हाला दिला. तो पिता पिता ते बोलले.

"ढाणकी गावाले माह्या बहिणीचं लग्न होतं. मांडव पेटला. सगळे पळाले. मायनं वऱ्हाडी पाह्यले, बापानं पाहुणे पाह्यले. सगळे हायेत म्हणे. आत्याबाई मागच्या खोलीत होती. विधवा होती न. नवरी वाटेले लागेपर्यंत तिनं पुढं येऊ नये, असं सगळ्याईनं सांगून ठेवलं होतं. मले तिनंच वाढवलं, पण माह्याही ध्यानात नाही आलं. कोणी हाक मारली नाही, अन् ती बिना हाकेची आली नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "दरवाजा उघडाच होता रे."

चार दरवाज्यांच्या घरात एकटा राहणारा हा माणूस मला त्या क्षणी फार मोठा वाटला, आणि फार एकटा.

"मग कलम काय होतं?" मी विचारलं.

"हेच. निघाच्या आधी मागं हाक मारा. बाकी आयोग पाहून घेईल."

संध्याकाळी मी हे सगळं आईला सांगितलं. ती मागच्या खोलीत तूर निवडत होती. वडील गेल्यापासून कोणी आलं की ती तिथंच जाऊन बसे. तिनं निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तूभाऊ आले. आवाज धुरानं बसलेला, भुवया जळलेल्या. उंबऱ्याबाहेर उभे राहिले, सवयीनं मान लांब केली.

"मागच्या खोलीत कोण हाय?"

"कोणीच नाही," उत्तर अगदी जवळून आलं. आई तुरीचं सूप मांडीवर घेऊन पुढच्या खोलीत, दाराशेजारीच बसली होती. "मी इथं हाय, दत्तूभाऊ. या, बसा."

दत्तूभाऊ तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी हळूच चपला काढल्या आणि आत आले. त्या दिवशी ते चहा टाका म्हणायचं विसरले.