माटवाचं तोंड

तातूकाका वायंगणकर डोळ्याच्या ऑपरेशनला गेले, तेव्हा टेबलावर आडवं होण्याआधी त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "मुहूर्त कितीचो?" डॉक्टर हसले. दुसऱ्या दिवशी पट्टी बघायला आले, तर हे पुन्हा तयार. "अंतरपाट कधी काढतलात?"

हे विनोद करतात असं समजू नका. तातूकाका विनोद करत नाहीत. उमेदीची सगळी वर्षं लग्नाचे मांडव, आमच्या बोलीत माटव, घालण्यात गेल्यामुळे त्यांना जग तसंच दिसतं, एवढंच. पूर्वी बांबू आणि नारळाच्या झापांचे मांडव, मग कापडाचे, मग लोखंडी पाइपांचे. आता धंदा पुतण्या बघतो, पण गावात कुठेही लग्न असलं की तातूकाका आधी जाऊन प्रत्येक खांब हलवून पाहतात. नवरा-नवरीकडे त्यांचं लक्ष नसतं. अक्षता टाकतानाही नजर वर, छताच्या झोळाकडे.

त्यांच्या लेखी जगात दोनच पक्ष आहेत, मुलाकडचे आणि मुलीकडचे. कुठलंही भांडण त्यांच्याकडे न्या, ते आधी कोण कुठल्या बाजूचं ते ठरवतात. आमच्या तिठ्यावर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मांचं दुकान आहे. एकदा लाइट बिलावरून मी वायरमनशी कडाकडा भांडत होते, तर तातूकाका मला बाजूला घेऊन म्हणाले, "गो बाय, ह्या बिलात आपण चेडवाकडचे. आपणच वायच नमता घेवचा." मी नमतं घेतलं नाही, ती गोष्ट वेगळी. पण गंमत अशी की तातूकाका स्वतः प्रत्येक बाबतीत मुलीकडचेच असतात. मुलाकडचे झालेले मी त्यांना कधी पाहिले नाहीत.

आमचं गाव मिठबाव आणि कुणकेश्वर यांच्या मधल्या रस्त्यावर. तिठ्यावर एस.टी.ची जुनी शेड आहे. नवीन शेड झाल्यापासून तिथे गाडी थांबत नाही, एक माणूस राहतो. कुणकेश्वरच्या जत्रेला आला आणि जत्रा उठली तरी उठला नाही. बोलतो कमी. जे बोलतो त्यात थोडं हिंदी, थोडं कानडी असावं. गाव त्याला वेडा म्हणतं. तातूकाका त्याला "पावणो" म्हणतात आणि सकाळी घरून पेजेचा डबा नेऊन देतात.

गेल्या हिवाळ्यात या पावण्याचा पाय चिघळला. काच लागली होती म्हणे. आधी फडकं बांधलेलं दिसलं, मग सूज, मग वास. आमच्या गावात येणाऱ्या नर्सबाईंनी लांबूनच बघून सांगितलं की हे असंच राहिलं तर पाय कापावा लागेल. पण पावणा दवाखान्याचं नाव काढलं की शेडच्या कोपऱ्यात सरकून बसायचा. कुठल्याशा गावात त्याला दवाखान्याच्या पायरीवरून हाकललं होतं, एवढं तातूकाकांना त्याच्याकडून कळलं होतं. त्यानंतर पांढरा कोट दिसला की हा पळणारच. रिक्षात घालायला गेलेल्या दोघांना तो चावला.

तातूकाका दुकानात येऊन माझ्यासमोर बसले. "गो, तो दवाखान्यात जाणा नाय, तर दवाखानो हयसर हाडूक येता काय?"

मी फोनाफोनी केली. कणकवलीकडची एक संस्था बेघर लोकांसाठी एका दिवसाचं शिबिर घेते, असं कळलं. अंघोळ, केस-दाढी, कपडे, तपासणी, आधार कार्ड, जेवण, सगळं एका जागी. फक्त एका माणसासाठी आम्ही येणार नाही, म्हणाले. तातूकाकांना उलट तेच पटलं. "बरोबर आसा. एकट्याक बोलवलो तर तो लाजतलो. सगळ्यांका बोलवया. त्यात पावणो पण इलो, असा."

मग काय, लग्नघरच सुरू झालं. संस्थेचे शिंदे सर काउंटर एक, काउंटर दोन असं समजावून सांगायचे आणि तातूकाका मान डोलवून त्याचं भाषांतर करून घ्यायचे. अंघोळीची जागा म्हणजे हळद. कपडे म्हणजे आहेर. आधारचं टेबल माझ्याकडे होतं, त्याला ते उखाण्याचं टेबल म्हणायचे, कारण तिथे नाव घ्यावं लागतं. डॉक्टर म्हणजे भटजी. ते काय म्हणतात ते कुणाला कळत नाही, पण त्यांच्याशिवाय कार्य होत नाही.

शिंदे सर म्हणाले, "काका, मांडव साधाच ठेवा हं."

"साधो कित्याक? पावण्याक साधो?"

तिठ्यावर, जुन्या शेडच्या समोरच असलेल्या शाळेच्या मैदानावर मांडव उभा राहिला. रस्त्याच्या बाजूला झालरीची कमान, तिच्या दोन्ही अंगांना थर्माकोलचे हत्ती, जमिनीवर लाल गालिचा, कर्ण्यावर सनई. आत नवरा-नवरीच्या दोन सिंहासनखुर्च्यासुद्धा आणून ठेवल्या होत्या. शिंदे सरांनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, आता बोलून उपयोग नाही, मुहूर्त जवळ आलाय.

दिवस उजाडला. न्हावी वस्तरा परजून बसला. अंघोळीचं पाणी तापलं. डॉक्टरीणबाई आल्या, तरुण होत्या, त्यांनी हत्तींकडे बघून काही विचारलं नाही हे मला आवडलं. तातूकाका पांढरा सदरा घालून कमानीखाली गुलाबदाणी घेऊन उभे राहिले.

आणि कुणीही आलं नाही.

सनई वाजतेय, पाणी निवतंय, पुन्हा तापवलं जातंय. कमानीतून आत आला तो एक कुत्रा, त्याच्यावरही तातूकाकांनी सवयीने गुलाबपाणी उडवलं. आदल्या आठवड्यात आम्ही कुणकेश्वरच्या पायऱ्यांपासून ते बंदरावरच्या शेडींपर्यंत सगळीकडे सांगून आलो होतो. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मला राग येऊ लागला. एवढं करून लोकांना पाय उचलवत नाही, असं काहीबाही मनात आलं. डॉक्टरीणबाई घड्याळ बघू लागल्या, त्यांना दुपारनंतर दुसरीकडे जायचं होतं. तातूकाका मात्र समोरच्या शेडकडे बघत होते. पावणा तिथे पाय पसरून बसलेला दिसत होता.

चहा आणायला म्हणून मी मांडवाच्या मागे गेले. तिथे चुली मांडल्या होत्या, भाताची टोपं चढली होती. आणि पलीकडे, शाळेच्या दगडी गडग्याला टेकून, काजूच्या सावलीत, पंधरा-वीस माणसं ओळीने बसली होती. गप्प. कुणाच्या हातात वाडगा, कुणाकडे प्लास्टिकची पिशवी.

"अगो, तुम्ही हयसर कित्याक बसलात?" मी एका म्हातारीला विचारलं. देवळाच्या पायरीवर तिला पाहिलं होतं.

"लगीन लागांदे," ती शांतपणे म्हणाली. "मगे उरला-सुरला गावता."

"अगो आजी, ह्या तुमच्याचसाठी आसा!"

तिने हत्तींकडे बोट दाखवलं. "कमानीतना आमका कोण घेता?"

मी जाऊन तातूकाकांना सांगितलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, उगाच सांगितलं. ते मागे आले, त्या ओळीकडे पाहिलं आणि गुलाबदाणी खाली ठेवली. प्रत्येक लग्नात मांडवामागे अशी ओळ बसते. त्यांनी जन्मभर ती पाहिली असणार, पंगती उठल्यावर स्वतः वाढलंही असेल. कमान मात्र नेहमी दुसऱ्या बाजूला बांधली.

"माटवाचा तोंड चुकला गो," ते म्हणाले. मग पुतण्याला हाक मारली. "कमान काढ. हयसर हाड."

पुढचा गोंधळ सांगण्यासारखा नाही. कमान सुटली, हत्ती चुलीजवळून नेताना एकाची सोंड शेकली. आचारी ओरडायला लागला की माझ्या भातात थर्माकोल पडेल. गालिचा उलटा अंथरला गेला. टेबलं फिरवली, डॉक्टरीणबाईंनी स्वतःचं टेबल स्वतः उचललं. शिंदे सरांचा बॅनर तेवढा रस्त्याकडे तोंड करून राहिला, तो दिवसभर आम्हाला उलटा दिसत होता. कमान काजूखाली त्या ओळीच्या बरोब्बर समोर उभी राहिली आणि तातूकाकांनी गुलाबदाणी उचलली. "येवा," ते म्हणाले. "येवा, येवा. चेडवाकडसून काय चूक झाली तर पदरात घेवा."

ती म्हातारी आधी उठली. मग बाकीचे.

त्यानंतर मात्र लग्न झकास लागलं. न्हाव्याचा हात दुखायला आला. दाढीमागून माणसं निघत होती, त्यातले काही चांगले तरुण निघाले. माझ्या टेबलावर म्हातारी आली, तेव्हा तिला तातूकाकांनी आधीच सांगून ठेवलं होतं की हे उखाण्याचं टेबल. मी नाव विचारताच तिने तोंडाला पदर लावला आणि ठसक्यात म्हटलं,

"कुणकेश्वराच्या पायरेर लाट येता मोठी,
यशवंतरावांचा नाव घेतंय आधार कार्डासाठी!"

सगळा मांडव हसला. मी म्हटलं, "आजी, नवऱ्याचा नको, तुमचा नाव." त्यावर तिने पदर तोंडावरून काढला. "माझा?" म्हणाली. आणि मग, हळू आवाजात, "भागीरथी."

पण ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला होता, तो शेडमध्येच होता. भात शिजला होता, माणसं भुकेली होती, डॉक्टरीणबाईंची निघायची वेळ होत आली होती. तातूकाकांनी जाहीर केलं, "पावणो इल्याशिवाय पंगत बसूची नाय." कुणी कुरकुर केली नाही. नवरा यायचा असला तर पंगत थांबते, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

नवऱ्याला आणायला मुलीकडच्यांनी जायचं असतं. तातूकाका काळी छत्री उघडून एकटेच रस्ता ओलांडून गेले. त्यांनी त्याला काय सांगितलं, मला ऐकू आलं नाही. हात करून मांडवाकडे दाखवताना दिसले. इतकी माणसं उपाशी थांबल्येत, असं काहीतरी असावं. खूप वेळाने तो उठला. एक पाय टाकत, दुसरा ओढत, छत्रीखालून तो आला. छत्री पूर्ण त्याच्यावर होती आणि तातूकाका उन्हात.

कमानीशी त्याला पांढरा कोट दिसला आणि तो जागच्या जागी वळला.

"अरे थांब! पाय धुतल्याशिवाय खंय चल्लस?" तातूकाकांनी त्याला दंडाला धरून सिंहासनखुर्चीवर बसवलं, परात पुढे ओढली, तांब्या घेतला आणि त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले. मुलीचा बाप नवऱ्याचे पाय धुतो तसे.

"काका, जखमेला ते पाणी लावू नका!" डॉक्टरीणबाई घाईने म्हणाल्या.

तातूकाकांनी वर पाहिलं. "तो पाय तुमचो," ते म्हणाले. "ह्यो माझो."

बाई हुशार होत्या. कोट काढून खुर्चीवर टाकला आणि दुसऱ्या बाजूला जमिनीवरच बसल्या. मग तातूकाकांनी तो चांगला पाय असा धुतला, असा धुतला, की काय सांगू. आधी घोटा, मग टाच, मग एकेक बोट. मध्येच टॉवेलने टिपायचं, पुन्हा पाणी घालायचं. आणि तोंडाने सारखं चालू, हा खांब बघ, हा कसा सरळ आहे, झालर बघ, सुरतेची आहे. पावणा आपल्या त्या पायाकडे बघत राहिला. पलीकडच्या पायावर कात्री चालत होती, त्याने एकदाच दात आवळले, पण मान वळवली नाही. त्याच्या गालावरून पाणी ओघळलं, ते दुखल्याचं होतं की कशाचं, मला माहीत नाही. माझे डोळे मात्र भरले, आणि ते कशाने हे मला पक्कं माहीत आहे.

पट्टी बांधून होण्याआधीच तातूकाका उठले. डॉक्टर काय म्हणतात ते ऐकायला थांबले नाहीत. वाढप्यांवर ओरडत पंगतीत शिरले आणि पान नि पान स्वतः बघू लागले.

संध्याकाळी टेम्पोत पाइप चढत होते. तातूकाका सिंहासनखुर्चीशेजारच्या स्टुलावर बसले होते, पांढरा सदरा ओला, गुडघ्याला चिखल. मी ताट वाढून नेलं. सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता, हे आचाऱ्याने मला सांगितलं होतं.

"काका, जेवन घेवा. म्हातारपणी असला उपाशी रवाचा नाय."

त्यांनी ताटाला हात लावला नाही. "अगो, कन्यादान करतलो माणूस कार्य पार पडासर जेवणा नाय."

तातूकाकांना मूल नाही. काकी जाऊनही आता वर्षं झाली. गावात सगळ्यांना हे माहीत आहे, म्हणून कुणी त्यावर बोलत नाही. गावातल्या बहुतेक मुलींच्या लग्नाचा मांडव त्यांनी घातला, माझ्यासुद्धा, आणि माझे वडील नवऱ्याचे पाय धुत होते तेव्हा हे कुठल्यातरी खांबाला धरून उभे असणार. मला तेव्हा दिसले नव्हते. या लग्नात मुलगी कुठे होती, हे मी त्यांना विचारलं नाही.

ते समोरच्या शेडकडे बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "डॉक्टरीण तुका काय म्हणाली?"

"नर्सबाई रोज येवन पट्टी बदलतली. डॉक्टरीण म्हणाली, वेळेत झाला. पाय वाचलो, काका."

"वाचलो?"

"वाचलो."

त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि ताट मांडीवर ओढलं. "मगे भात हाड वायच," ते म्हणाले. "इतक्यान माझा काय होता?"