चंद्रीचा अर्धा तास

खडकमाळच्या हौसाबाई गुंजाळ यांच्या चंद्री गाईने अट घातली होती, की धार काढून सड औषधात बुडवल्यावर आपल्याला अर्धा तास उभं राहावं लागतं, तर तेवढा वेळ घरातही कुणी बसायचं नाही.

अट रास्तच होती. धारेनंतर सडांची तोंडं मिटायला तेवढा वेळ लागतोच. मध्येच गाय शेणात बसली, की जंतू आत शिरून कास दगडासारखी सुजते. गुरांच्या डॉक्टरांनी अट कागदावर उतरवली आणि चंद्रीने खुराचा ठसा दिला. हौसाबाईचा नवरा कुरकुरला, पण बायकोशेजारी उभा राहू लागला. एरवी सगळे जेवायला बसले, की ती एकटीच वाढत उभी असायची. हा अर्धा तास तिला फार आवडायचा, पण हे तिने कुणाला सांगितलं नाही.

पंचाईत झाली ती तिच्या लेकीला, सुनंदाला, बघायला पाहुणे आले तेव्हा. यायचे होते चारला, उगवले साडेपाचला, आणि सड नुकतेच बुडवून झालेले. एवढं चांगलं स्थळ आता हातचं जाणार, हे हौसाबाईला दिसत होतं. तरी तिने खुर्च्या मांडल्या नाहीत.

मुलाचे वडील भडकले. "आम्ही काय गाईपुढं उभं राहायचं?"

"पुढं नाही, पाहुणे. संगं," चंद्री म्हणाली.

वडिलांनी कागद मागवून दोनदा वाचला. आडवं होण्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. ते सतरंजीवर उताणे झाले. पाठोपाठ मामा झाले, आत्या झाल्या. सुनंदाने पोहे आणले, ते त्यांनी छातीवर बशी ठेवून खाल्ले. शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, हे सगळं खालूनच विचारून झालं. मामांना ठसका लागला. मुलगा उभा राहून सुनंदाशी बोलत होता. त्याची आईही उभीच होती, तिला सवय होती.

अर्ध्या तासाने चंद्री बसली, तसे पाहुणे उठून बसले. वडिलांनी सांगितलं, की मुलगी पसंत आहे, पण आमच्याकडे चार म्हशी आहेत, त्यांच्या कानावर हे जाता कामा नये. हौसाबाईने मान डोलावली. मुलीच्या आईने दुसरं काय करायचं?

निघताना मुलाची आई चपला शोधण्याच्या निमित्ताने गोठ्यात शिरली. "चंद्राबाई," ती हळूच म्हणाली, "आमच्या म्हशींना जरा समजावून सांगता का?"

"साखरपुड्याला घेऊन या," चंद्री म्हणाली.

साखरपुड्याला मुलाकडची बावीस माणसं आणि चार म्हशी आल्या. आडवंही व्हायचं नाही, असं कलम आदल्या दिवशीच कागदात चढलं होतं. एका म्हशीचा अर्धा तास संपला, की दुसरीची धार निघाली, आणि मुलाचे वडील बायकोशेजारी दोन तास उभे राहिले.