एतुआलेचा पुतळा भिजू नये म्हणून

वाइतोले गावच्या दवाखान्याचे छप्पर मंगळवारी गळू लागले. बुधवारी नर्स मासेलिना यांनी ही बाब गावसभेच्या निदर्शनास आणली. उद्या रात्री वादळ येणार होते, आणि त्याच सुमारास गावातल्या सीनाचे बाळंतपण.

सभेने आवाचे, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या पेयाचे, कडवट प्याले घेत गांभीर्याने विचार केला. प्रमुख लेउता यांनी विचारले, "गळायला लागलं कधी?"

"काल, बाबा."

"काल ना? मग ते एतुआलेच्या खात्यात."

इथे थोडे मागे जावे लागेल. एतुआलेचा धंदाच तो आहे.

आमच्या पूर्वेला, होडीने अर्ध्या दिवसावर, दुसरे बेट आहे. मधून तारखेची रेषा जाते, त्यामुळे आपला शुक्रवार तो तिकडचा गुरुवार. हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. एके वर्षी लेउता स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस विसरले. बायकोने बोलणे आणि जेवण दोन्ही बंद केले. दुसऱ्या दिवशी एतुआले नावाड्याने दोघांना पलीकडे नेले. तिथे वाढदिवस अजून चालू होता. लेउतांना घरात परत घेण्यात आले.

तेव्हापासून एतुआले हा काळ दुरुस्त करणारा वीर. त्याच्यावर गाणे झाले, शाळेत धडा लागला, बंदरावर पुतळा बसला. धड्यात होडी नाही. होडीमुळे मुलांचा गैरसमज होतो.

"अहो, मी नुसती होडी हाकतो," एतुआले सांगायचा.

"किती नम्र!" म्हणून लोक डोळे पुसायचे.

सभेत आवाचा पहिला प्याला त्याचा, असे ठरले. मात्र वीर कालच पोचतो, त्या अर्थी प्यालाही त्याला कालच मिळाला, असे मानण्यात येते. त्याने अजून एकही घोट घेतलेला नाही.

(येथे एक परिच्छेद होता. त्यात पडलेला पूल आणि बुजलेली विहीर यांची चौकशी होती. तो कालच्या खात्याकडे वर्ग केला आहे.)

तर छप्पर. एतुआलेला बोलावले.

"काल जाऊन ये," लेउता म्हणाले, "आणि गळायच्या आधीच अडव."

"बाबा, मला पत्रे द्या आणि चार माणसं द्या. संध्याकाळपर्यंत ठोकून देतो."

सभेत कुजबुज झाली. वीराच्या हातात हातोडी? धड्यात असे कुठेच नाही.

मासेलिना त्याची थोरली बहीण. ती उसळली, "अरे, तू काळाचा राजा ना? मग सीनाच्या कळा तरी आठवडाभर पुढं ढकल!"

"ताई, तू पण?"

"मग काय करू? या लोकांना दुसरी भाषा कळते का?"

माणसे मिळाली नाहीत, कारण गावातली सगळी माणसे कामात होती. वादळात वीराचा पुतळा भिजू नये म्हणून ती त्याच्यावर नवेकोरे पत्रे चढवत होती. काम सूर्यास्ताच्या आत पुरे झाले. वाइतोलेत असे प्रथमच घडले.

गुरुवारी उजाडताच एतुआले शिडी लावून चढला, पत्रे उतरवले आणि एकट्याने दवाखान्यावर ठोकले. रात्री वादळ आले. सीनाला मुलगी झाली, कोरड्या खोलीत, कोरड्या खाटेवर.

शुक्रवारी सभा भरली. आरोप: वीराच्या स्मारकाची विटंबना.

"पण तो वीर मीच ना?" एतुआलेने विचारले.

"ते सिद्ध करत बसू नकोस," लेउता कळवळून म्हणाले. "शिक्षा वाढेल."

एतुआलेला पूर्वेच्या बेटावर हद्दपार करण्यात आले. हुकूम कालपासून लागू.

मासेलिनाने भावाच्या पिशवीत भाजलेले सुरण आणि कोरडा शर्ट भरला. "जा बाबा. तिकडे आज गुरुवार. तिथं तू अजून वीरच असशील."

पाऊस थांबलेला नाही. दवाखान्याचे पत्रे परत काढावेत, तर आत बाळंतीण; तेवढी लाज सभेला आहे. म्हणून गावकरी पाळीपाळीने पुतळ्यावर छत्री धरून उभे राहतात. दुपारच्या पाळीला एक माणूस कमी पडतो आहे. वाचकहो, तुम्ही एका हाताने पुस्तक धरले आहे, दुसरा मोकळा दिसतो. हसणे झाले असेल तर या. छत्री कशी धरायची ते शिकवावे लागणार नाही. सवय असेलच तुम्हाला.