मेहुण्याचे अकरा मृत्यू

प्राचीन युद्धाचा निकाल बदलण्याचा अधिकार आज कोणालाही उरलेला नाही; त्याचा वेग मात्र कमी करता येतो, आणि या क्षेत्रात मानवजातीने केलेली प्रगती तिकीट काढून पाहण्यासारखी आहे.

वजनमापे निरीक्षक रविवारी दुपारी तीनच्या खेळाला अशाच एका युद्धासमोर बसले होते. हौस म्हणून नव्हे. पडद्यावर त्यांचा मेहुणा होता आणि उजव्या हाताला मेहुण्याचे संभाव्य सासरे.

प्रकरणाची पार्श्वभूमी अशी. संभाव्य सासरे दंतवैद्य होते. महिन्यापूर्वी निरीक्षक त्यांच्याच खुर्चीत आ वासून पडलेले असताना त्यांनी मुलीच्या लग्नाचा विषय काढला. "तुमचे मेहुणे काय करतात?" निरीक्षकांनी "शिनेमा... युद्ध..." एवढं खरं उत्तर दिलं. उरलेलं खरं यंत्राच्या घरघरीत राहून गेलं. ते असं की, मेहुणा सिनेमात मरतो. घोड्यावरून पडणे, तटावरून पडणे, नुसतेच पडणे (याला अनुभव लागतो) अशी कामं तो सहा वर्षं इमानेइतबारे करत होता.

"मुलाचं काम बघू, मग ठरवू," दंतवैद्य म्हणाले होते. म्हणून दोन्ही घरचे सातजण एका रांगेत बसले होते. मेहुणा आणि मुलगी टोकाला, मान खाली घालून.

"अहो, तुम्ही सांगितलंत ना त्यांना?" बायकोने निरीक्षकांच्या कानात विचारलं.

"सांगत होतो. तोंडात कापूस होता."

"महिनाभर?"

निरीक्षकांनी घड्याळात पाहिलं. मोजल्याशिवाय त्यांना काही बघता येत नसे. चित्रपट दोन तास पन्नास मिनिटांचा, पैकी संथ गतीत (शेवटी लागलेला हिशेब) एक तास चाळीस. माणसं नेहमीच्या वेगाने लढली असती तर युद्ध मध्यंतराआधीच आटोपून दोन्ही सैन्यं सुखरूप घरी गेली असती. राजाने कपाळावरचे केस एकदा मागे टाकले, त्याला चौदा सेकंद. चिलखत छाती आणि पोट सोडून सर्वत्र होतं. रक्त आधी हवेत थांबे, सगळ्यांना नीट दिसलं याची खात्री करून घेई आणि मगच खाली पडे. त्या काळची शिस्तच वेगळी.

विसाव्या मिनिटाला मेहुणा मेला. तोंडाला चिखल, डोक्यावर शिरस्त्राण; सख्ख्या आईनेही ओळखलं नाही. निरीक्षकांनी सुटकेचा श्वास अर्धा सोडला होता, तेवढ्यात दंतवैद्य पुढे झुकले.

"वरची डावी दाढ! चांदी भरलेली! अहो, हे आपलेच!"

परवा चहाला आलेला मेहुणा एकदा मोकळेपणी हसला होता, तेवढं त्यांना पुरलं होतं. शिवाय संथ गतीमुळे मरणाऱ्याचं तोंड सहा सेकंद उघडं राहतं, आणि दंतवैद्याला ते ओळखपत्रासारखं वाचता येतं.

"गेले?" त्यांनी विचारलं.

"गेला," निरीक्षक म्हणाले.

पण पाच मिनिटांनी तीच दाढ शत्रूच्या सैन्यात दिसली.

"हे तर पलीकडच्या बाजूने लढतायत!"

"माणसं कमी होती," मेहुणा टोकावरून पुटपुटला.

यापुढे दंतवैद्य बोटांवर मोजू लागले. तिसरा मृत्यू हत्तीखाली, चौथा पुलावर. सहाव्या वेळी मेहुण्याने मेहुण्यालाच भाल्याने भोसकलं.

"स्वतःलाच?"

"ते संगणकाने केलं. मी तेव्हा घरी झोपलो होतो."

अकराव्या मृत्यूनंतर निरीक्षकांना राहवलं नाही. गेली अनेक वर्षं लोकांची खोटी मापं पकडून त्यांना चांगली झोप लागत होती. हे एक माप त्यांनी स्वतः मारलं होतं.

"डॉक्टर, मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. आमचा मेहुणा मरणाऱ्यांतला आहे. बढती वगैरे नाही त्यात."

दंतवैद्यांनी मोजायची बोटं मिटली आणि पडद्याकडे पाहिलं. तिथे राजा खांद्यात बाण घेऊन भाषणाच्या आठव्या मिनिटाला पोचला होता.

"हे राजे किती वेळा मेले?"

"अजून एकदाही नाही."

"मग इथे काम कोण करतंय?" दंतवैद्य म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले.

टोकाला मुलगी पहिल्यांदाच मेहुण्याकडे वळली. "तटावरून पडताना तुम्ही अंग चोरलंत. का?"

"खाली एकजण आधीच मरून पडलेला होता ना, त्याची कंबर आखडली होती. त्याच्यावर कसा पडू?"

मुलगी वडिलांकडे वळली. "बाबा," ती म्हणाली, "माझं ठरलं."

राजा जिंकला. सगळं प्रेक्षागृह उभं राहून टाळ्या वाजवत बाहेर पडू लागलं. हे सातजण बसून राहिले, कारण आता नावं येणार होती. तीन तासांत एकही गोष्ट घाईने न करणाऱ्या त्या चित्रपटाने नावं मात्र पळवत नेली. मेहुण्याचं नाव पाऊण सेकंद होतं (निरीक्षकांची नोंद), आणि नेमका त्या पाऊण सेकंदात पुढच्या रांगेतला एक प्रेक्षक मोबाइलचा दिवा लावून चप्पल शोधत पडद्यासमोर आडवा आला.

ते तुम्हीच होतात, असं निरीक्षकांचं म्हणणं नाही. त्यांना फक्त डोक्याची मागची बाजू दिसली. पण आजवर एखाद्या सिनेमाच्या शेवटच्या नावापर्यंत तुम्ही कधी बसून राहिला आहात?

नाही ना? मग असो. चप्पल सापडली असेलच.